कर्त्याचं नाव गाळलेलं पुस्तक

अमेरिकेतल्या टेक्सासमधली 'फाउंडेशन फॉर थॉट अँड एथिक्स' ही छोटी संस्था १९८० च्या दशकात शाळांसाठी जीवशास्त्राचं एक पूरक पुस्तक लिहवून घेत होती. खर्ड्याचं नाव आधी 'क्रिएशन बायॉलॉजी', मग 'बायॉलॉजी अँड क्रिएशन', मग 'बायॉलॉजी अँड ओरिजिन्स'. १९८९ मध्ये पुस्तक छापून आलं ते 'ऑफ पांडाज अँड पीपल' या गोंडस नावानं. दरम्यान आतली भाषाही बदलली होती. जिथे 'क्रिएशन', म्हणजे ईश्वरी निर्मिती होती, तिथे 'इंटेलिजंट डिझाइन', म्हणजे बुद्धिमान रचना आली. व्याख्या मात्र तीच राहिली : मासे पर आणि खवल्यांसकट, पक्षी पिसं आणि चोचीसकट, आयतेच अवतरले. सातबाऱ्यावरचं मालकाचं नाव खोडलं, जमीन जागची हलली नाही. एका खर्ड्यात तर 'क्रिएशनिस्ट्स' खोडून 'डिझाइन प्रोपोनंट्स' लिहिताना हात घाईत चालला आणि 'सीडिझाइन प्रोपोनंटसिस्ट्स' असा अर्धा जुना, अर्धा नवा शब्द कागदावर उरला.

घाई कशाची होती? १९ जून १९८७ रोजी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं लुइझियाना राज्याचा एक कायदा सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. उत्क्रांती शिकवायची तर 'निर्मितिविज्ञान'ही शिकवा, असं तो कायदा सांगत होता. न्यायालय म्हणालं, हा धर्म आहे, सरकारी शाळेत चालणार नाही. आणि खर्ड्यातले शब्द बदलले ते नेमके याच सुमारास.

त्याआधीचं 'निर्मितिविज्ञान'ही असंच एका निकालाच्या पोटी जन्मलेलं. १९२५ मध्ये टेनेसीत जॉन स्कोप्स या शिक्षकाला उत्क्रांती शिकवल्याबद्दल शंभर डॉलर दंड झाला, तेव्हा कायदा उघडपणे बायबलच्या बाजूनं होता. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आर्कान्सासचा तशाच प्रकारचा बंदीचा कायदा मोडीत काढला. उत्क्रांतीला बंदी करता येत नाही म्हटल्यावर बायबलच विज्ञानाच्या वेशात वर्गात न्यायचं ठरलं. हा वेश १९८२ मध्ये आर्कान्सासच्या खटल्यात फाटला, १९८७ मध्ये पुरता गळून पडला. वंशावळ मांडली तर प्रत्येक नव्या पिढीच्या जन्मवेळी सुईण म्हणून एखादं न्यायालय हजर दिसतं. प्रयोगशाळा एकदाही नाही.

मूळ पुरुषाबद्दल मात्र मला आदर आहे. विल्यम पेली या इंग्रज धर्मोपदेशकानं १८०२ मध्ये लिहिलं, की माळरानावर घड्याळ सापडलं तर ते कुणीतरी घडवलं असणार हे आपण मानतो. मग डोळा पाहून तसंच का मानू नये? पेलीनं आडपडदा ठेवला नाही, घडवणाऱ्याचं नाव सरळ ईश्वर सांगितलं. केंब्रिजमध्ये शिकत असताना तरुण डार्विनला पेली फार आवडला होता. पुढे नैसर्गिक निवडीचं उत्तर त्यानं याच प्रश्नाला दिलं. आपल्याकडे दहाव्या शतकाच्या सुमारास उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त जगाला कर्ता असलाच पाहिजे हे याच वळणानं मांडलं होतं. आणि त्याला विरोध करणारे सगळेच वेदबाह्य नव्हते. वेद प्रमाण मानणाऱ्या कुमारिल भट्टांनी उदयनांच्या आधीच विचारून ठेवलं होतं, की शरीर नसलेला हा कर्ता जग घडवणार कसा? श्रद्धावान विरुद्ध नास्तिक अशी या वादाची विभागणी तेव्हाही होत नव्हती.

पेन्सिल्व्हेनियातल्या डोव्हर गावातही ती झाली नाही. तिथल्या शाळा मंडळानं २००४ च्या अखेरीस ठरवलं, की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात एक निवेदन वाचावं : डार्विनच्या सिद्धान्तात त्रुटी आहेत, 'पांडाज' ग्रंथालयात उपलब्ध आहे. विज्ञान शिक्षकांनी वाचायला नकार दिला. शेवटी अधिकाऱ्यांनी वर्गात जाऊन ते वाचलं. अकरा पालक कोर्टात गेले. त्यांच्या बाजूनं पहिली साक्ष दिली ती जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर यांनी, आणि ते श्रद्धाळू कॅथलिक. बार्बरा फॉरेस्ट या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिकेनं जुने खर्डे एकाखाली एक मांडून दाखवले, तो अर्धवट शब्दही न्यायालयासमोर आला.

दुसऱ्या बाजूचा मुख्य साक्षीदार मायकेल बीही. जिवाणूच्या शेपटीसारख्या अवयवातला एक भाग काढला तरी तो बंद पडतो, म्हणून तो टप्प्याटप्प्यानं बनूच शकत नाही, हा त्यांचा युक्तिवाद; पेलीचं घड्याळच, फक्त सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेलं. (भाग वेगळे असताना दुसऱ्या कामाला उपयोगी पडू शकतात, हे मिलर यांनी दाखवलं.) उलटतपासणीत बीहींनी कबूल केलं, की विज्ञानाची त्यांची व्याख्या धरली तर फलज्योतिषही वैज्ञानिक सिद्धान्त ठरेल. हे वाचून अमेरिकनांना हसण्याचा हक्क आहे, आपल्याला तितकासा नाही. त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयानं विद्यापीठांतल्या ज्योतिर्विज्ञानाच्या अभ्यासक्रमात हस्तक्षेप करायला नकार दिला होता.

२० डिसेंबर २००५ चा निकाल १३९ पानांचा आहे. न्यायाधीश जॉन जोन्स यांची नेमणूक रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांनी केलेली, आणि बुश स्वतः म्हणत होते की मुलांना दोन्ही बाजू शिकवाव्यात. तरी जोन्स यांनी लिहिलं, की बुद्धिमान रचना हे विज्ञान नाही, निर्मितिवादाचाच अवतार आहे. मंडळातले काही सदस्य शपथेवर खोटं बोलले, हेही त्यांनी नोंदवलं. मला या प्रकरणात सगळ्यात विचित्र वाटतं ते हेच, की देवाला शाळेत नेण्यासाठी देवाचं नाव लपवायचं आणि पुन्हा शपथ घ्यायची तीही त्याचीच. पेलीला हे रुचलं नसतं.

भारतात हे पुस्तक वर्गापर्यंत यावं लागलं नाही. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह, एके काळचे मुंबईचे पोलीस आयुक्त, औरंगाबादेत म्हणाले, की डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिलं नाही. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी निषेध केला, वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्यांना अशी विधानं टाळायला सांगितलं. त्याच वर्षी आलेल्या बालभारतीच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा होता 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातही त्याच विषयांचं जोडप्रकरण होतं. २०२३ च्या आवृत्तीत त्यातली आनुवंशिकता राहिली आणि उत्क्रांती गेली. कारण दिलं ते विद्यार्थ्यांवरचा भार कमी करण्याचं. बारावीच्या जीवशास्त्रात ती आहेच, असंही सांगितलं गेलं. दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलाला ती भेटणार नाही. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी खुल्या पत्रावर सह्या केल्या. पण कुणा फॉरेस्टबाईंनी खर्डे तपासायला मागावेत, तर गाळलेल्या धड्यात खाडाखोडीचा शब्द सापडणार कुठून?