कुमारवयातील रंजक वाचन आणि परप्रांतातील मराठी



गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठेशाहीचा इतिहास अशा भारदस्त विषयांचा ऊहापोह झाला आहे. त्या मालिकेत मी आज अद्भुत कादंबऱ्या, रहस्यकथा आणि मुलांच्या साहसकथा यांविषयी बोलणार आहे, याचे काहींना नवल वाटेल. चाळीसेक वर्षे मराठीचे अध्यापन केलेल्या माणसाने ज्ञानेश्वरी सोडून झुंजार आणि काळापहाड यांच्याकडे का वळावे, असा प्रश्नही मनात येईल. त्याचे उत्तर या नगरीच्या मराठी समाजाच्या इतिहासात आहे. माझे प्रतिपादन थोडक्यात असे : महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलाला मराठी वाचण्याची सवय लावली ती मुख्यत्वे बाजारी म्हणून हिणवल्या गेलेल्या पुस्तकांनी, आणि ती पुस्तके हातातून गेली, तेव्हा त्यांच्याबरोबर ती सवयही गेली.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहू. मराठीत मुलांसाठी स्वतंत्र लेखन एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली ‘बालबोध’ मासिक काढले. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली ‘आनंद’ सुरू केले. या मासिकांचे ऋण मोठे आहे. परंतु त्यांचा मुख्य हेतू ज्ञान आणि संस्कार हा होता, आणि त्यांचा वाचक प्रामुख्याने बाल होता. अकरा ते सोळा या वयाचे काय? या वयात परीकथा बालिश वाटू लागते आणि प्रौढांची सामाजिक कादंबरी अजून कंटाळवाणी असते. मनाला हवे असते भुयार, वेषांतर, पाठलाग, अन्यायाचे परिमार्जन. हे पुरवणारी पुस्तके मराठीत होती, मात्र ती मुलांसाठी लिहिलेली नव्हती. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. पुढे गोविंद नारायण दातार यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना मराठी वेष चढवला. त्यांची ‘कालिकामूर्ति’ पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. नाथमाधवांची ‘वीरधवल’ १९१३ साली आली आणि घरोघरच्या मुलामुलींनी ती परस्पर आपलीशी केली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हा रेनॉल्ड्स म्हणजे इंग्लंडात श्रमिकांसाठी पेनीला मिळणाऱ्या साप्ताहिकांतून लिहिणारा लेखक. तिकडच्या समीक्षकांनी त्याला दाराबाहेर उभे केले. हिंदुस्थानच्या वाचकांनी मात्र त्याला माजघरात नेले. म्हणजे आपल्या रंजक कादंबरीचा एक आद्य आदर्शच मुळी ‘हलक्या’ मानलेल्या वाङ्मयातून आलेला आहे.

विसाव्या शतकात या परंपरेला एक विलक्षण कारागीर मिळाला. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी एकहाती हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. अमेरिकेत एडवर्ड स्ट्रेटमायर यांनी अशा लेखनाचा कारखानाच काढला होता. कथानकाचा आराखडा कार्यालयात ठरे, निरनिराळे लेखक तो भरून काढीत आणि पुस्तकावर एकच कल्पित नाव छापले जाई. ‘हार्डी बॉइज’ (१९२७) आणि ‘नॅन्सी ड्रू’ (१९३०) या मालिका अशाच जन्मल्या. त्यांचे ‘लेखक’ म्हणून प्रसिद्ध असलेले फ्रँकलिन डिक्सन आणि कॅरोलिन कीन प्रत्यक्षात कधी अस्तित्वातच नव्हते. अर्नाळकरांनी एका कारखान्याचे काम एकट्याने केले. आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. अमेरिकन मालिका ठरवून कुमारांसाठी काढलेल्या होत्या. मराठी बाजाराने वयाची अशी वाटणी केलीच नाही. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू हे वडिलांचे जितके होते तितकेच चिरंजीवांचे. त्यामुळे घराघरांत वाद होई तो पुस्तक आधी कोणी वाचायचे याचा.

आता आपल्या गावाकडे वळतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ राजधानी झाले. जुन्या मध्यप्रांताची राजधानी नागपूर होती. तेथून, तसेच ग्वाल्हेर आणि इंदूर येथूनही, सरकारी कचेऱ्यांबरोबर कितीतरी मराठी कुटुंबे येथे आली. पुढे हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याने आणखी आणली. तात्या टोपे नगरच्या क्वार्टरांत आणि भेलच्या वसाहतीत मराठी घरे झाली. ग्वाल्हेर-इंदूरला मराठी संस्थानिकांचा आश्रय लाभला होता. भोपाळ ही नवाबांची, उर्दूची नगरी. येथे मराठीला कोणताही राजाश्रय नव्हता. माझ्या पिढीतील बहुसंख्य मुले हिंदी माध्यमातून शिकली, गल्लीत हिंदी-उर्दू बोलली, आणि घरी आईशी मराठी बोलली. ही मराठी कानाची होती, डोळ्यांची नव्हती.

ती डोळ्यांची कशी झाली, ते मी पाहिले आहे. मे महिन्याच्या सुटीत नागपूरचे नातेवाईक इटारसीमार्गे येत. त्यांच्या ट्रंकेत पापड-कुरडयांच्या डब्याखाली दोन-चार रहस्यकथा आणि ‘चांदोबा’चे अंक असत. मुखपृष्ठ फाटलेले, शेवटचे पान पुष्कळदा गहाळ. तेवढे पुस्तक आमच्या क्वार्टरांच्या संपूर्ण ओळीला पुरे. एकाने वाचायचे, इतरांनी ऐकायचे. आणि शेवटचे पान नसले की खुनी कोण, यावर आठवडाभर खल चालायचा. ऐकणाऱ्यांना धीर नसे. मग जो तो स्वतः वाचू लागे. कोणत्याही शिकवणीवाचून ही मुले मराठी वाचायला शिकली.

यात लिपीचा वाटा मोठा होता. हिंदी आणि मराठी दोन्ही देवनागरीत असल्याने अक्षरओळख आयती होती. अडत असे ते ‘ळ’पाशी. शाळेतल्या हिंदी वर्णमालेत हे अक्षर नव्हते. ते आम्हांला भेटले ‘काळापहाड’ या नावात. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सचा नायक हिंदीत ‘वेताल’ होता आणि मराठीत ‘वेताळ’. दोन्ही अंक शेजारी ठेवले की दोन भाषांमधली ही रेघ मुलाला स्वच्छ दिसे. शब्दांचेही तसेच. हिंदीत ‘खाली’ म्हणजे रिकामे, मराठीत तळाकडे. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘संसार’ हिंदीत जग, मराठीत घरप्रपंच. गुन्हेगाराला शिक्षा झाली म्हणजे त्याला शाळेत घातले नाही, हे कथेच्या ओघातच उमगत असे. व्याकरणाच्या पुस्तकाने ज्यासाठी तक्ते दिले असते, ते कथानकाने सहज करून दिले.

भाषाशिक्षणाच्या दृष्टीने या पुस्तकांची घडण पाहण्यासारखी आहे. वाक्ये आखूड, संवाद भरपूर, वर्णन बेताचे. तीच पात्रे, तीच परिस्थिती आणि म्हणून तीच शब्दसंपत्ती पुनःपुन्हा येते. प्रकरणाचा शेवट अशा ठिकाणी की पुस्तक मिटवता येऊ नये. किंमत आणि फॉर्म्यांची संख्या ठरलेली असल्याने लांबणीला वावच नसे. व्यवसायाने घातलेली ही बंधने नवशिक्या वाचकाच्या पथ्यावर पडली.

या वाचनाला वडीलधाऱ्यांचा विरोध होता आणि तो अगदीच अकारण नव्हता. पुष्कळशा कथा इंग्रजीवरून उचललेल्या असत आणि ऋणाचा उल्लेख क्वचितच असे. स्त्री बहुधा संकटात सापडण्यापुरती किंवा मोहात पाडण्यापुरती येई. खलपुरुषाचा चेहरा पाहताच तो ओळखू येई. हे दोष मी झाकू इच्छित नाही. किशोर मनावर काय परिणाम होईल ही चिंता तर न्यायालयापर्यंत गेली. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अश्लील नाही असा निर्णय दिला, आणि त्या निकालात पौगंडावस्थेतील वाचकाचा प्रश्नही विचारात घेतला गेला. तरीही आपल्या घरांतून आणि ग्रंथालयांतून प्रश्न एकच विचारला गेला : या पुस्तकाने मुलाचे काय बिघडेल? ते नसले तर काय बिघडेल, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

तो ओळखणारा एक लेखक मात्र मराठीला लाभला : भा. रा. भागवत (१९१०–२००१). १९५१ साली त्यांनी पत्नी लीलावतीबाईंसह ‘बालमित्र’ मासिक काढले. ते काही वर्षेच चालले. चांगल्या हेतूने छपाईचे देणे भागत नाही, हा धडा मराठी नियतकालिकांच्या इतिहासात वारंवार येतो. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि पुढे फास्टर फेणे निर्माण केला. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवन शाळेचा विद्यार्थी, काटकुळा, सायकलवर स्वार, तोंडाने ‘ट्टॉक’ असा आवाज काढणारा. रहस्यकथेची सारी आयुधे येथे आहेत. परंतु नायक हातात पिस्तूल घेतलेला प्रौढ गृहस्थ नसून वाचकाच्याच वयाचा शाळकरी मुलगा आहे. वीस पुस्तकांतून तो हिंडला. १९८७ साली दूरदर्शनवर आणि २०१७ साली चित्रपटातही आला. बाजाराचा साचा घेऊन त्यात निकोप साहस ओतता येते, हे भागवतांनी सिद्ध केले. बालभारतीने १४ नोव्हेंबर १९७१ रोजी सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाने ही वाट सरकारी पाठबळाने रुंद केली.

पुढे गुरुनाथ नाईक, नारायण धारप, सुहास शिरवळकर यांनी वाचकांच्या आणखी पिढ्या घडवल्या. शिरवळकरांची ‘दुनियादारी’ (१९८२) महाविद्यालयात नुकत्याच गेलेल्या मुलांनी डोक्यावर घेतली. तरीही मराठी वाङ्मयेतिहासाने या मंडळींना तळटीपेपलीकडे फारसे नेले नाही. शेजारच्या हिंदीत काय झाले ते पाहा. देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ १८८८ ची. आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी आपल्या इतिहासग्रंथात तिला उच्च साहित्याच्या पंक्तीला बसवले नाही. पण खत्रींनी जितके वाचक निर्माण केले तितके दुसऱ्या कोणी केले नाहीत, आणि ‘चंद्रकांता’ वाचण्यासाठी लोक हिंदी शिकले, हे श्रेय त्यांनी निःसंकोचपणे दिले. मूल्यनिर्णय आणि ऋणनिर्देश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शुक्लजींनी दोन्ही केल्या. आपण पहिली केली, आणि दुसरी विसरलो.

आज परिस्थिती काय आहे? सर्क्युलेटिंग लायब्ऱ्या बंद झाल्या, दूरचित्रवाणीने आणि नंतर भ्रमणध्वनीने संध्याकाळ व्यापली. आपल्या घरांतील तिसरी पिढी मराठी समजते, थोडीफार बोलते, वाचत नाही. आणि गंमत अशी की या शतकाच्या आरंभी जगातील सर्वांत खपाऊ कुमारकादंबरी मराठीत आली ती याच शहरातून. भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाऊसने ‘हॅरी पॉटर’ हिंदीत आणले, तसेच मराठीतही. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ हा पहिल्या भागाचा बाळ ऊर्ध्वरेषे यांनी केलेला अनुवाद. एकेकाळी ज्या गावात मराठी रहस्यकथा ट्रंकेतून यायची, त्या गावातून मराठी पुस्तक महाराष्ट्रात गेले. भोपाळचेच ‘एकलव्य’ १९८५ पासून मुलांसाठी हिंदीत ‘चकमक’ काढते. तेव्हा येथे मुलांचे पुस्तक निघत नाही, असे कोणी म्हणू नये. निघते, ते आपल्या मुलांच्या हाती पोहोचत नाही.

म्हणून या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपुढे दोन सूचना ठेवतो. आपल्या माळ्यांवर, जुन्या पेट्यांत अर्नाळकर, दातार, भागवत यांची पुस्तके असतील. ती रद्दीत घालू नका. स्वस्त कागद लवकर ठिसूळ होतो, आणि ही पुस्तके जपून ठेवण्याजोगी आहेत असे फार थोड्या ग्रंथालयांना वाटले. शाळेच्या ग्रंथालयात त्यांच्यासाठी एक कपाट असावे आणि त्याला कुलूप नसावे. दुसरी सूचना घरासाठी. मुलाच्या हाती पहिले मराठी पुस्तक देताना आपल्याला अभिमान वाटेल ते देऊ नका. त्याला रात्री झोप येणार नाही असे द्या. ‘किशोर’चे जुने अंक आता महाजालावर विनामूल्य वाचता येतात; फास्टर फेणे आजही विकत मिळतो. ज्ञानेश्वरीची वाट पुष्कळांच्या बाबतीत काळापहाडावरूनच गेलेली आहे. माझी तरी गेली. ज्याला मराठी ओळ भराभर वाचता येते, तोच पुढे ओवीपाशी थांबू शकतो.