'विक्रांत'च्या बॉयलरची भेग

पिंगळीत आगबोटीच्या वाफेची गोष्ट कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण आपल्या स्टेशनावरून जाणारी मीटरगेजची वाफेची इंजिनं पाहिलेली माणसं इथं बसली आहेत. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतानाही अनेकांनी पाहिलंय. तापवलेली धाव चाकावर बसवायची, वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि चाकाला आवळून धरतं.

जहाजात हीच ओढ घात करते. टर्बाइनला अतितप्त वाफ लागते. पंपांसारख्या इतर यंत्रांना ती सोसत नाही. म्हणून वाफेत पाण्याचा फवारा सोडतात, किंवा पाण्यात बुडालेल्या नळ्यांतून फिरवून ती निववतात. पाणी लागतं तिथलं पोलाद आकसू पाहतं, शेजारचं गरम पोलाद त्याला आकसू देत नाही. एकदा झालं तर काही बिघडत नाही. पण तार वाकवून वाकवून तुटते ना, तसं पोलादही थकतं आणि आत केसासारखी भेग पडते. बॉयलर पेटवताना-विझवताना त्याच्या ड्रमवरही असाच ताण येतो.

'विक्रांत' ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला आपल्या नौदलात आली, पण तिचं बांधकाम १९४३ साली सुरू झालेलं. जून १९७० मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत तिच्या बॉयलरच्या पाण्याच्या ड्रममध्ये थकव्याच्या भेगा आढळल्या. वेल्डिंगनं त्या सांधता येईनात. नवे ड्रम ब्रिटनकडून मागवले आणि बॉयलर पेटवू नयेत असा हुकूम निघाला.

इकडे युद्धाची चिन्हं दिसू लागली. १ मार्च १९७१ रोजी, नवे ड्रम नसतानाच, कमी दाबावर बॉयलर पेटवले. चाचण्यांनंतर वेगाला १४ नॉटची मर्यादा घातली. मुळात जहाज सुमारे २५ नॉटचं. आता विमान उडवायला समोरून वारा लागतो, आणि तो जहाजाच्या वेगातूनही मिळतो. म्हणजे वेग वाढवावा तर बॉयलरखोलीतल्या माणसांच्या जिवाला धोका, न वाढवावा तर विमानांची अडचण.

तरीही जहाज पूर्वेला गेलं. ४ डिसेंबर १९७१ रोजी त्याच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले.

वैमानिकांचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण भेग लपवली नाही, ती ओळखून वेगाला मर्यादा घातली, म्हणून हे जमलं. तेव्हा इतिहास सांगताना खाली वाफेपाशी उभ्या असलेल्या माणसांचीही आठवण ठेवू या.