चांद्याच्या बंडातील बिननावाचे शिपाई

१/ १८५७ म्हटले की दिल्ली, कानपूर, झाशी आठवतात. चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यातील लढा क्वचितच आठवतो.

२/ मार्च १८५८. मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी गोंड व रोहिल्यांची फौज उभारून राजगड परगण्यात उठाव केला. पुढे अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले.

३/ २९ एप्रिल रोजी प्राणहितेकाठच्या चिंचगुंडीत तार खात्याच्या तळावर हल्ला झाला. गार्टलंड आणि हॉल हे दोन कर्मचारी ठार झाले.

४/ डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदार लक्ष्मीबाईंच्या मदतीने बाबुरावांना पकडवले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात त्यांना फाशी झाली. व्यंकटराव १८६० मध्ये बस्तरात सापडले.

५/ गार्टलंड आणि हॉल यांची नावे इंग्रजी दप्तराने जपली. जमीनदारांचीही उरली, कारण खटला आणि जप्ती यांचा कागद होतो. सामान्य शिपायाकडे ना जमीन होती, ना हुद्दा. त्याच्यासाठी दप्तरात दोनच शब्द आहेत : ‘गोंड’ आणि ‘रोहिले’.

६/ २००९ मध्ये बाबुरावांचे टपाल तिकीट निघाले. उशिरा का होईना, नेत्याला मान मिळाला. परंतु एकटा जमीनदार फौज होत नाही. २१ ऑक्टोबरला बाबुरावांना वंदन करताना त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या या गोंड-रोहिला शिपायांचेही स्मरण व्हावे. नावे हरवली म्हणून त्यांचे ऋण फिटत नाही.