५ वर्षांची धुरकट स्कॉच घ्यावी का? पैसे वसूल होणार की नाही हे असं ओळखा

जितकी जुनी तितकी भारी, असं आपण स्कॉचबद्दल नेहमी ऐकतो. पण 'पीटेड' म्हणजे धुरकट व्हिस्कीच्या बाबतीत हा हिशेब सरसकट लागू होत नाही. का ते समजून घेऊया.

हा धूर येतो कुठून?

पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. स्कॉटलंडच्या आयला बेटावर झाडं कमी, त्यामुळे हेच जळण. मोड आलेली बार्ली त्याच्या धुरावर वाळवली की धुरातली फिनॉल्स दाण्यांना चिकटतात. कुणाला त्यात चुलीचा धूर जाणवतो, तर कुणाला दवाखान्याचा वास.

मग कमी वयाची कशी चालते?

कायद्यानुसार स्कॉच ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरावी लागते. मुरताना धूर हळूहळू मवाळ होत जातो. म्हणजे तरुण व्हिस्कीत तो सगळ्यात ठसठशीत. आर्डबेगने २०२० मध्ये ५ वर्षांची 'वी बीस्टी' आणली ती याच जोरावर. लॅगाव्हुलिनची ८ वर्षांची बाटलीही त्यातलीच.

पण खरी गोम इथेच आहे. हाच धूर कच्चेपणा झाकतोही.

चव कशी घ्यायची?

निमुळत्या तोंडाचा ग्लास घ्या, थोडीच ओता, बर्फ नको. दहा मिनिटं तशीच ठेवा. धुराची नाकाला सवय झाली की मागे काय उरतं ते बघा. लिंबू, मध, व्हॅनिला, समुद्राचा खारेपणा जाणवला तर माल चांगला. नुसता स्पिरिटचा झणका आणि ओल्या पिठासारखा वास आला तर ती घाईत बाटलीत भरलेली समजा.

मग चमचाभर पाणी घाला. चांगली व्हिस्की खुलते, कच्ची पातळ पडते. घोट गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते, हेही मोजा.

लेबलवर काय बघायचं?

वय: लिहिलेलं वय हे बाटलीतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं असतं.

पीपीएम: हा फिनॉलचा आकडा बहुधा बार्लीचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नाही. गाळताना बराच धूर कमी होतो. त्यामुळे मोठ्या आकड्याला भुलू नका.

अल्कोहोल: वी बीस्टी ४७.४ टक्के, लॅगाव्हुलिन ८ ही ४८ टक्के, तर लॅगाव्हुलिन १६ ही ४३ टक्के. ७०० मिलीच्या बाटलीत ४० टक्क्यांना २८० मिली अल्कोहोल मिळतं, ४६ टक्क्यांना ३२२. म्हणजे १५ टक्के जास्त. पाणी तुम्ही घरीही घालू शकता, त्याचे पैसे कशाला द्यायचे?

रंग: स्कॉचमध्ये कॅरॅमल रंग घालायला परवानगी आहे. गडद म्हणजे जुनी, असं नाही.

मग घ्यायची की नाही?

त्याच डिस्टिलरीच्या १० किंवा १२ वर्षांच्या बाटलीशी किंमत ताडून बघा. फरक किरकोळ असेल तर जुनीच घ्या. फरक मोठा असेल आणि धुरामागे चव सापडत असेल, तर तरुण बाटली पैसे वसूल. सोड्यासोबतच प्यायची असेल तर मग जुनीवर खर्च कशाला? सोड्यात बारकावे हरवतात, धूर मात्र टिकतो.

आणि हो, महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण हवं आणि परवानाही लागतो.