जुन्या खेळांचे नवे यंत्र



आजच्या विषयाचे नाव वाचून काही वडीलधाऱ्या मंडळींनी भुवया उंचावल्या असतील. वसंतातल्या व्याख्यानांना आपण जमतो ते इतिहास, शेती, साहित्य, सहकार अशा भारदस्त विषयांसाठी. तेथे मुलांच्या व्हिडिओ गेमचे काय काम? माझे म्हणणे इतकेच की, पुष्कळदा मोठा प्रश्न लहान वस्तूच्या पाठीवर बसून येतो. जुने यंत्र मेले म्हणजे त्या यंत्रात साठवलेले माणसाचे कामही मरावे काय, हा तो प्रश्न आहे. त्याचे सर्वांत चिकाटीचे उत्तर शोधले ते विद्यापीठांपेक्षाही या खेळवेड्या मंडळींनी. त्याचाच इतिहास आज सांगावयाचा आहे.

१९९० नंतरच्या दशकात ज्यांचे बालपण गेले त्यांना ती खेळाची पेटी आठवत असेल. ती टीव्हीला जोडायची, वरच्या खाचेत कॅसेट बसवायची आणि चित्र उमटले नाही तर कॅसेट काढून तिच्या तोंडात फुंकर मारायची. आपल्या बाजारात आलेल्या या पेट्या बहुतेक नकलाच होत्या. मूळ यंत्र जपानचे. निन्टेंडो कंपनीने ते १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिकॉम' या नावाने तेथे विक्रीस आणले. त्याची कामचलाऊ स्मृती अवघी २ किलोबाइट होती. १९८५ साली आलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा जगप्रसिद्ध खेळ ४० किलोबाइटांत मावला होता. आज लग्नपत्रिकेचा जो फोटो आपण मोबाइलवरून धाडतो, तो बहुधा याहून मोठा भरतो.

त्या पेट्या आज बंद पडल्या आहेत. आता असे समजा की कॅसेटमधला मजकूर कोणी जपून उतरवून घेतला. तरी त्याचा उपयोग काय? तो मजकूर त्या एका यंत्राच्याच भाषेत लिहिलेला. आजचा संगणक ती भाषा बोलत नाही. येथे एम्युलेटर उपयोगी पडतो. एम्युलेटर म्हणजे एक आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर. ती नव्या संगणकाला जुन्या यंत्राचे सोंग घ्यावयास लावते. बहुरूपी फौजदाराचा वेष घेऊन दारात येतो, तेव्हा वेषाने आपण क्षणभर फसतो. पण त्याच्याकडे फिर्याद नोंदवता येत नाही. एम्युलेटरला मात्र फिर्यादही नोंदवून घ्यावी लागते! जुन्या यंत्राने जे उत्तर जितक्या वेळात दिले असते, तेच उत्तर तितक्याच वेळात त्याने दिले पाहिजे.

ही कल्पना खेळांतून निघालेली नाही. एक यंत्र दुसऱ्या कोणत्याही गणनयंत्राचे काम करू शकते, याची तात्त्विक मांडणी १९३६ साली अ‍ॅलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने केली. तिचा व्यवहारात मोठा उपयोग झाला तो १९६४ साली. आयबीएम कंपनीने त्या वर्षी 'सिस्टिम ३६०' ही नवी यंत्रमालिका जाहीर केली. पण कंपनीच्या १४०१ या जुन्या यंत्रावर हजारो कचेऱ्यांचे हिशेब चालत होते. ते सारे नव्याने लिहा म्हटले असते, तर गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली असती. म्हणून काही नव्या यंत्रांतच जुन्या यंत्राप्रमाणे वागण्याची सोय करून दिली. 'एम्युलेटर' हा शब्द या अर्थाने रूढ झाला तो तेव्हापासून. म्हणजे या विद्येचा जन्म झाला तो जुन्या खतावण्या वाचता याव्यात म्हणून.

खेळांच्या क्षेत्रात तिला बहर आला तो तीसएक वर्षांनंतर. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी ५ फेब्रुवारी १९९७ रोजी 'मेम' या एम्युलेटरची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. खेळघरांत नाणे टाकून खेळावयाची जी कपाटाएवढी यंत्रे असत, ती त्यात जिवंत होत. आरंभी त्यात मोजकेच खेळ होते. पुढे देशोदेशीचे लोक विनावेतन या कामात सामील झाले आणि आता हजारो यंत्रांची वर्तणूक त्यात नोंदलेली आहे. २०१५ साली घरगुती संगणक व खेळपेट्यांचा 'मेस' हा भावंडप्रकल्प त्यात विलीन झाला. २०१६ साली सारी आज्ञावली मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली झाली. या मंडळींचे ब्रीद लक्षात ठेवण्याजोगे आहे. ते म्हणतात, यंत्राची नोंद करून ठेवणे हा आमचा हेतू. खेळ खेळता येतो ही त्या नोंदीची खरेपणाची परीक्षा.

प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर बदलांची यादी येते. अमुक खेळाचा आवाज दुरुस्त केला, तमुक खेळाचा रंग मूळच्यासारखा झाला, एकाची गती किंचित जास्त होती ती नेमकी केली. बाहेरच्याला ती यादी किराणा दुकानाच्या वहीसारखी रुक्ष वाटेल. पण एकेका ओळीमागे कधी कधी वर्षांची मेहनत असते. काही चिपांतला मजकूर बाहेरून वाचता येत नाही, कारण कारखानदारानेच त्याला कुलूप घातलेले. तेव्हा हे लोक चिपेचे वरचे कवच आम्लाने विरघळवतात, आतल्या पटलाचे सूक्ष्मदर्शकातून फोटो घेतात आणि त्यावरून एकेक अंक वाचतात. शिलालेखावर ठसा उमटवून अक्षरे लावणाऱ्या संशोधकाची आठवण व्हावी, असेच हे काम.

अचूकतेला किंमतही पडते. १९९० साली आलेल्या 'सुपर फॅमिकॉम' यंत्राच्या मुख्य प्रक्रियकाची सर्वाधिक गती सुमारे ३.५८ मेगाहर्ट्झ होती. 'बीस्नेस' या एम्युलेटरच्या कर्त्याने २०११ साली लिहिले की, या यंत्राची अगदी तंतोतंत नक्कल करावयास सुमारे ३ गिगाहर्ट्झचा संगणक हवा. म्हणजे जवळजवळ आठशेपट! असे का व्हावे? भजनी मंडळात मृदंगवाला, टाळकरी, वीणेकरी व पेटीवाला एकाच वेळी वाजवतात. हे सगळे एकाच माणसाने करायचे ठरवले, तर त्याला क्षणोक्षणी एक वाद्य ठेवून दुसरे उचलावे लागेल आणि तरीही ताल चुकता कामा नये. जुन्या यंत्रातल्या वेगवेगळ्या चिपा एकाच वेळी काम करीत. नव्या संगणकाला त्या सर्वांचे सोंग आळीपाळीने वठवावे लागते.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. दुरुस्ती म्हणजे काय? १९८० सालच्या जपानी 'पॅक-मॅन' खेळात २५६ व्या पातळीवर पोहोचले की पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या कचऱ्याने भरून जातो आणि पुढे जाता येत नाही. कारण पातळीचा अंक ज्या घरात साठवला आहे, त्यात २५५ पर्यंतच मोजता येते. मोटारीच्या मैल मोजणाऱ्या काट्यावर ९९९९९ नंतर शून्ये यावीत, तसा प्रकार होतो आणि फळांची चित्रे काढणारा भाग वाहवत जातो. ही मूळ खेळाची चूक. मग एम्युलेटर लिहिणाऱ्याने ती सुधारावी काय? चांगला एम्युलेटर ती सुधारीत नाही. उलट, त्या पातळीवर तसाच कचरा उमटला नाही, तर आपली नक्कल खोटी ठरली असे तो मानतो.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. १९७८ साली तोमोहिरो निशिकाडो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ तयार केला. पडद्यावर ५५ परग्रहवासी रांगेने सरकत येतात. ते यंत्र इतके दुबळे की एवढ्या आकृत्या हलवताना ते मंद चाले. जसजसे शत्रू मारले जात, तसतसा भार कमी होऊन उरलेले भरभर येऊ लागत. निशिकाडोंनी हा दोष काढला नाही, खेळात ठेवला. शेवटच्या शत्रूंच्या वेळी छातीत जी धडधड होते, ती यंत्राच्या दुबळेपणाची देणगी आहे. कोणी सुधारकाने हाच खेळ आजच्या ताकदीवर नव्याने लिहून सर्वांना आरंभापासून एकाच गतीने चालवले, तर दोष जाईल आणि खेळही जाईल.

हा विवेक महाराष्ट्राला नवा नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले; ते १९६६ साली पुरे झाले. विष्णु सीताराम सुखटणकर व त्यांच्या मागून आलेल्या संपादकांनी शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली. त्यांचा दंडक असा की, मूळ पाठ ओबडधोबड वाटला तरी संपादकाने आपल्या पदरचा गोडवा त्यात घालू नये. पाठभेद खाली टीपेत द्यावेत. जुन्या लेखनिकांनी 'सुधारणा' केल्या म्हणूनच तर मूळ पाठ झाकला गेला होता. एम्युलेटर लिहिणारे हेच करतात, फक्त त्यांचे हस्तलिखित सिलिकॉनचे असते.

मग नव्या सोयींचे काय? आजकालच्या एम्युलेटरांत खेळ हव्या त्या क्षणी थांबवून जपून ठेवता येतो, चूक झाली तर काही क्षण मागे नेता येतो. 'रेट्रोआर्च' या आज्ञावलीत २०१८ साली अशी युक्ती आली की, बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल होणे यांतला विलंब कमी व्हावा. जुन्या काचेच्या टीव्हीवर चित्र जसे रेघारेघांचे दिसे, तसे दाखवण्याचीही सोय आहे. या सोयी माझ्या मते चिकित्सक आवृत्तीतल्या टीपांसारख्या आहेत. हव्या त्याने वाचाव्यात, नको त्याने मिटून ठेवाव्यात. वरच्या पाठाला मात्र त्यांचा धक्का लागू नये.

आपल्या कोल्हापूरचा एक दाखला दिल्यावाचून पुढे जाववत नाही. परदेशी कॅमेरा पाहून त्याबरहुकूम कॅमेरा बाबूराव पेंटरांनी येथेच १९१८ च्या सुमारास तयार केला. १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. त्यात तरुण शेतकऱ्याचे काम शांतारामबापूंनी केले होते. १९३६ साली पेंटरांनी तोच विषय घेऊन बोलपट काढला. पण बोलपट निघाला म्हणून मूकपट परत आला का? नाही. नव्याने करणे वेगळे आणि मूळ जपणे वेगळे. आपल्या देशात हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले अगदी थोडे उरले आहेत. चित्रपट जपण्यासाठी पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर मूकपटांचा काळ संपून तीस वर्षे उलटली होती. गोष्ट जपण्याजोगी आहे हे आपल्याला कळते, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

व्हिडिओ गेमही त्याच वाटेने चालले आहेत. २०२३ साली अमेरिकेतील एका अभ्यासात असे आढळले की, तेथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. त्यात कायद्याचा गुंता आहे. २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात तेथील अपील न्यायालयाने एम्युलेटर बनवणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. परंतु खेळाची प्रत फुकट वाटणे ही निराळी बाब आहे. आपल्याकडेही १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात संगणकाची आज्ञावली साहित्यकृतीतच गणलेली आहे. कर्त्याचा हक्क मानलाच पाहिजे. पण जी कृती हक्कदार विकत नाही आणि दुसऱ्याला जपूही देत नाही, तिचे काय करावे, याचा निवाडा समाजाने विचारपूर्वक केला पाहिजे.

कोणी म्हणेल, खेळ गेले तर गेले. म्हणून खेळांपलीकडची गोष्ट सांगतो. इंग्लंडात १०८६ साली जमीनजुमल्याची मोठी मोजणी झाली. तो 'डूम्सडे' ग्रंथ आजही वाचता येतो. त्याच्या नऊशेव्या वर्षी, १९८६ मध्ये, बीबीसीने लोकांकडून माहिती जमवून नवा डूम्सडे लेसर तबकड्यांवर उतरवला. पंधरा वर्षांत त्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली! अखेर २००२ साली संशोधकांनी एम्युलेटरच्या साह्याने तो पुन्हा चालवून दाखवला. चामड्यावरची शाई नऊशे वर्षे पुरली आणि तबकडीला पंधरा वर्षांत वैद्य लागला.

आणि आपले घर? कोडोलीच्या शेजारी वारणानगरला १९९८ साली केंद्र सरकार, महाराष्ट्र सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू केला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांसाठी संगणककेंद्रे निघाली. उसाची नोंद, तोडणी, वजन, बिल यांची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळू लागली. पुढे दशकही सरले नाही, तोच सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशावर तेच काम करून पाहण्याचा प्रयोग झाला. शेतकऱ्याच्या सोयीच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण इतिहासकाराच्या दृष्टीने पाहा: उद्या कोणी या खोऱ्याचा आर्थिक इतिहास लिहू म्हणेल, तेव्हा १९९८ सालच्या संगणकावरच्या नोंदी वाचायला त्याला त्या वेळचे यंत्र किंवा त्याचे सोंग लागेल. आजोबांचा मोडीतला कागद निदान हातात धरता येतो, जाणकाराकडून वाचून घेता येतो. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्येही जागा मिळाली. पण १९९५ च्या सुमारास संगणकावर टंकलेले मराठी पुस्तक आज उघडून पाहा. तेव्हाचा टंक नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मोडी विसरायला आपल्याला दोन पिढ्या लागल्या. हे तर एकाच पिढीत घडले.

म्हणून एक विनंती करून थांबतो. घरी माळ्यावर जुनी खेळपेटी असेल, संस्थेच्या कपाटात फ्लॉपी असतील, छापखान्यात जुना संगणक असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी एखाद्या जाणत्या मुलाला हाक मारा. आत काय आहे ते त्याला उतरवून घेऊ द्या, आणि ते कोणत्या यंत्रावर चालत असे, ते कागदावर शाईने लिहून ठेवा. ज्या पोराला आपण खेळात वेळ घालवतो म्हणून रागावतो, कदाचित त्यालाच ते वाचता येईल.