‘मॉल’ शब्दाची कुळकथा

सिमला, मसुरी, नैनिताल, दार्जिलिंग यांपैकी कोठेही बदली झाली, तरी संध्याकाळी पावले ज्या रस्त्याकडे वळतात त्याचे नाव एकच : मॉल. आपण मराठी माणसे जेवणानंतर शतपावली घालतो. त्या शब्दात पचनाची काळजी आहे आणि पावलांचा हिशेबही. मॉलवर जाणाऱ्यास असला काही हिशेब नसतो. चार माणसे दिसावीत, ओळखीचे कोणी भेटल्यास थांबून दोन शब्द बोलावेत, एवढाच त्याचा हेतू. या शब्दाचे मूळ मात्र चालण्यात नसून खेळात आहे.

इटालियन भाषेत ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू आणि ‘माल्यो’ म्हणजे मोगरी. लाकडी मोगरीने चेंडू टोलवीत लांब पट्टीच्या टोकाच्या लोखंडी कडीतून पार करावयाचा, असा हा खेळ फ्रान्समार्गे इंग्लंडात गेला व ‘पॅल मॅल’ झाला. लंडनच्या सेंट जेम्स बागेत राजबंधू ड्यूक ऑफ यॉर्क यास तो खेळताना पाहिल्याची नोंद सॅम्युएल पीप्सच्या रोजनिशीत २ एप्रिल १६६१ या दिवशी आहे. पुढे खेळ मागे पडला. वृक्षराजीतील सरळ, सपाट पट्टी तेवढी उरली. तिच्यावर प्रतिष्ठित मंडळी फिरू लागली आणि खेळाचे नाव फिरण्याच्या जागेस चिकटले.

इंग्रजांनी ते नाव हिंदुस्थानात आणले. १८६४ साली सिमला सरकारची उन्हाळी राजधानी ठरली. तेथील मॉलवर गाडीतून जाण्याचा मान व्हाइसरॉय, सरसेनापती आणि पंजाबचे गव्हर्नर या तिघांचाच. इतरांनी पायी जावे, घोड्यावरून जावे किंवा झंपानींनी ओढलेल्या रिक्षात बसावे. एकाच रस्त्यावर एकाचे फिरणे ही हौस होती, तर दुसऱ्याचे चालणे ही मजुरी होती. हा भेद शब्दकोशात सापडत नाही. तो इतिहासातच शोधावा लागतो.

१९५६ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यात साउथडेल हे संपूर्ण छपराखालचे बाजारसंकुल उघडले. अशा संकुलांस पुढे ‘मॉल’ हेच नाव रूढ झाले, आणि आज आपल्या मुलांस त्या शब्दाने दुकानेच आठवतात. तेथेही माणसे रमतगमत फिरतात. पण दार मालकाचे, वेळ मालकाची.

सिमल्याच्या मॉलवर सामान्य वाहनांस आजही मज्जाव आहे. तेथे संध्याकाळी सचिव आणि शिपाई एकाच रस्त्याने पायी चालतात. काही विकत न घेता, कोणाची अनुज्ञा न मागता जेथे चालता येते, तो रस्ता साऱ्या गावाचा. ‘मॉल’ शब्दाच्या अनेक अर्थांपैकी हाच अर्थ आम्हांस जतन करण्याजोगा वाटतो.