विधवेचे पात्र आणि निवेदनाचा अधिकार

मराठी कादंबरीतील बंडखोर स्त्रीचा इतिहास बहुधा पुण्यामुंबईच्या वाटेने सांगितला जातो; दिग्रस, दारव्हा, बुलढाणा ही वऱ्हाडातील गावे त्या वाटेवर लागत नाहीत. तथापि या इतिहासातील एक निर्णायक प्रश्न वऱ्हाडातूनच विचारला गेला. समाजाची अपेक्षा मोडणारी स्त्री साहित्यात कोण घडवतो, आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्याला कोठून मिळतो, हा तो प्रश्न होय. विधवेच्या पात्राचा मागोवा घेतल्यास त्याचे महत्त्व स्पष्ट होते.

विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला आणि पुढच्याच वर्षी बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. यमुना पतीसमवेत प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांची दैना पाहते, पुढे स्वतः विधवा होते. अखेरीस ती ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते. रूढीने नेमून दिलेले मरणप्राय जीवन ती नाकारते, यात शंका नाही. परंतु तिच्या नकाराला कथेत अर्थ येतो तो धर्मांतरामुळे. तिचे दुःख हा पुरावा आहे. निष्कर्ष लेखकाचा आहे.

या व्यवस्थेला पहिला उघड आक्षेप एखाद्या पात्राने घेतला नाही, तो एका वाचक स्त्रीने घेतला. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जे दोषारोप झाले, त्यांना उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध लिहिला. तो १८८२ साली पुण्यात छापला गेला. स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण, हा प्रश्न त्याच्या विस्तारित शीर्षकातच आहे. येथे ‘साहस’ म्हणजे धाडस नव्हे, तर अविचाराने केलेले दुष्कृत्य. स्त्रीस्वभावाचे लक्षण म्हणून परंपरेने वापरलेला हा शब्द ताराबाई दोन्ही पारड्यांत घालून तोलतात.

या निबंधाचा वाङ्मयीन भाग मात्र उपेक्षित राहिला आहे. ‘स्त्रीचरित्र’, ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’, ‘मनोरमा’ अशा तत्कालीन कथा-नाटकांचा ताराबाई नावानिशी समाचार घेतात. त्यांतील स्त्रिया त्यांच्या लेखी स्त्रीस्वभावाचा पुरावा नाहीत. त्या लिहिणाऱ्या पुरुषांच्या कल्पनेचा पुरावा आहेत. पात्राची साक्ष उलटवून ती कर्त्यावर लावण्याची ही रीत मराठी समीक्षेत पुढे कितीतरी वर्षे कोणी अवलंबिली नाही. जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, तरीही स. गं. मालशे यांनी १९७५ साली संपादित आवृत्ती काढीपर्यंत हा निबंध जवळजवळ विस्मृतीत होता.

या कसोटीवर हरिभाऊ आपटे यांची यमू कशी उतरते? ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. येथे विधवा स्वतःच आपली कहाणी सांगते. बालपण, लिहिणेवाचणे, पतीचा मृत्यू आणि बळजबरीचे केशवपन हे सारे तिच्याच शब्दांत येते. पुरुषाने स्त्रीचा आवाज उसना घेतला, एवढ्यावरून ही कादंबरी बाजूला सारणे अन्यायाचे होईल. घरगुती बोलीतला तो आवाज ही मराठी गद्याची मोठी कमाई आहे. परंतु यमूला निवेदन मिळते, निवाडा मिळत नाही. शीर्षकातील प्रश्न दुसऱ्याच्या करुणेला उद्देशून आहे, आणि तो सुटण्यापूर्वी यमूचा अंत होतो. ताराबाईंच्या निबंधात करुणेची याचना नाही. तेथे हिशेब मागितला आहे.

तात्पर्य, कथानकात रूढी मोडणे ही बंडखोरीची अपुरी खूण आहे. आपल्या आचरणाचा अर्थ लावण्याचा हक्क पात्राला कितपत आहे, हे इतिहासकाराने पाहिले पाहिजे.

हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच संपला नाही. दिग्रस ज्या यवतमाळ जिल्ह्यात आहे, तो शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर चर्चिला गेला आणि विधवा पुन्हा साहित्याचा विषय झाली. यावेळी तिच्यापुढे केशवपन नव्हते. कर्ज, जमीन आणि मुलांचे पोट होते. श्याम पेठकर यांच्या ‘तेरवं’ या नाटकात आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील स्त्रियाच रंगमंचावर आल्या. त्यांपैकी वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ब्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण आयोजकांनी रद्द केल्यानंतर ही निवड झाली होती, हे विसरता येत नाही. एका स्त्रीचा आवाज नाकारून रिकाम्या झालेल्या जागी दुसरीला बोलावले गेले. पण व्यासपीठावर उभी राहिलेली विधवा आता कोणाच्या कथेतील पुरावा नव्हती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बुलढाण्यात बसून ताराबाईंनी जी जागा मागितली होती, तिच्याशी या घटनेचे नाते जुळते; मात्र ती जागा देणारे हात अजून कोणाचे आहेत, हा प्रश्न उरतोच.